भुतांच्या फेरीला सहा वर्षांच्या नातीला न्यावं का?

प्रश्न : माझी मुलगी एडिनबरात असते. जूनमध्ये आम्ही दोघं तिच्याकडे जातोय. जावईबापूंनी सगळ्यांना रात्रीच्या घोस्ट टूरला न्यायचं ठरवलंय. आधी जमिनीखालची तळघरं, मग एक जुनं कबरस्तान. नातू अकरा वर्षांचा आहे, नात सहाची. यजमान म्हणतात, पैसे देऊन घाबरायला कशाला जायचं? माझी काळजी निराळी आहे. पोर रात्री झोपेल का? आणि खरं सांगायचं तर तिन्हीसांजेनंतर लेकरांना कबरस्तानात न्यायचं हे मनाला पटत नाही. नको म्हटलं तर जावयांना वाटेल, सासूबाई जुन्या वळणाच्या. काय करू?
– एक आजी, नाशिक

उत्तर : ताई, तिन्हीसांजेचं आधी मिटवते. जूनमध्ये एडिनबरात सूर्य मावळतो रात्री दहाच्या सुमाराला. नऊची फेरी घेतलीत तर रस्त्यावर चक्क उजेड असतो आणि काळा झगा घातलेला गाइड डोळ्यांवर आडवा हात धरून खुनाची गोष्ट सांगत असतो. भुतांचा खरा हंगाम तिथे डिसेंबरात. दुपारी पावणेचारच्या आतच सूर्य गडप. तुमच्या वाट्याला अंधार येईल तो फक्त तळघरातला.

तिथे नेमकं काय असतं ते सांगते, म्हणजे ठरवायला सोपं जाईल. टूर लीडर म्हणून मी बरीच वर्षं मराठी ग्रुप विलायतेला नेले, पण ग्रुपला ही फेरी कधी करवली नाही. चाळीस माणसांचं हेडकाउंट अंधारात कोण करणार? मी ती केली घरच्यांबरोबर. माझा भाचा एडिनबरातच लीथ भागात राहतो. तो, भाचेसून, त्यांचा नऊ वर्षांचा मुलगा, तुमच्या नातीएवढी मुलगी, मी आणि माझी थोरली बहीण अक्का. अक्का साताऱ्याच्या जिल्हा न्यायालयात लघुलेखक होती. उभी नोकरी खुनाच्या साक्षी उतरवून घेण्यात गेली. ऑक्टोबर होता, दिवाळी तोंडावर आलेली, आणि अक्काच्या हातात गुडघ्यांसाठी काठी.

सेंट जाइल्स कॅथीड्रलशेजारी मर्कॅट क्रॉस म्हणून एक जुना दगडी स्तंभ आहे, बऱ्याच फेऱ्या तिथूनच निघतात. आमचा गाइड विशीतला, डोक्यावर उंच टोपी, आवाज नाटकवाल्याचा. त्याने सुरुवातीलाच मुलांना खिशात टाकलं. जुन्या एडिनबरात घरं मजल्यावर मजले चढवून उंच बांधलेली, संडासांचा पत्ता नाही. दिवसभराची घाण रात्री दहानंतर खिडकीतून सरळ रस्त्यावर ओतायची. आमचं नऊ वर्षांचं पोरगं जाम खूश. त्यानंतर तो मान वर करून खिडक्यांकडे बघतच चालला आणि फरसबंदीवर ठेचकाळत राहिला. त्यावरून आठवलं, चपला घरी ठेवा. रॉयल माइल या जुन्या गावातल्या मुख्य रस्त्यावरून खाली उतरणाऱ्या बोळांना तिकडे क्लोज म्हणतात. ते उभ्या उताराचे, पायऱ्यापायऱ्यांचे, आणि पाऊस पडून गेला की निसरडे. चांगले पकड असलेले बूट, जाकीट, आणि निघण्याआधी सगळ्यांनी बाथरूमला जाऊन यायचं. तळघरात ती सोय नसते, आणि नेमकी सगळ्यात लहान मेंबरला तिथेच लागते.

ही तळघरं म्हणजे पुलाच्या पोटातल्या खोल्या. साउथ ब्रिज १७८८ साली खुला झाला. त्याला एकोणीस कमानी आहेत, पण आज उघडी दिसते एकच, काउगेट या रस्त्यावरची. बाकीच्यांना दोन्ही अंगांनी इमारती चिकटल्या. कमानींच्या पोकळीत मजले घालून सव्वाशेच्या आसपास खोल्या काढल्या. चांभार, दारूचे गुत्ते, दुकानदारांची कोठारं असं सगळं तिथे भरलं. मात्र वरून येणारं पाणी अडवायची सोय धड केलेली नव्हती. (कंत्राटदार सगळीकडचे सारखेच.) माल भिजू लागला तसे व्यापारी निघून गेले आणि ज्यांना दुसरं छप्पर नव्हतं ती माणसं राहायला आली. खिडकी नाही, नळ नाही, चुलीच्या धुराला वाट नाही. पुढे दगडमाती टाकून ते सगळं बुजवलं आणि लोक विसरले. १९८०च्या दशकात उकरून काढलं तेव्हा आत ऑयस्टरच्या शिंपल्या सापडल्या. त्या काळी ऑयस्टर हे गरिबाचं खाणं होतं. यजमानांना एवढं वाचून दाखवा. भुतात नाही, तर पुलात तरी त्यांचं मन रमेल.

आत पाय टाकल्यावर पहिल्यांदा कळते ती ओल. बंद खोलीतल्या जुन्या गाद्यांसारखा वास येतो आणि छतावरून मधूनच एखादा थेंब नेमका मानेवर पडतो. गाइड आवाज हळूहळू खाली आणतो, सगळे पुढे सरकतात, आणि मग तो टॉर्च बंद करतो. आमची धाकटी अक्काच्या शालीत शिरली. तेवढ्यात मागच्या कमानीतून मुखवटा घातलेला एक जण ओरडत उडी मारून आला. अशा माणसाला तिकडे 'जंपर-ऊटर' म्हणतात, ही त्याची पगारी नोकरी. मोठी माणसं किंचाळून हसली. धाकटी हसली नाही, तिने भोकाडच पसरलं. तो बिचारा ओशाळला, गुडघ्यावर बसला आणि त्याने मुखवटा काढून दाखवला. खाली चष्मा होता, वाफेने धुकटलेला. तो त्याने आपल्या सदऱ्याला पुसला, तेव्हा कुठे हिचं रडं थांबलं.

म्हणून तिकीट काढण्याआधी जावयांना एकच गोष्ट विचारायला सांगा : मध्येच उडी मारून घाबरवणारा माणूस आहे का? असेल तर सहा वर्षांच्या मुलीला ती फेरी नको. वयाची अट प्रत्येक फेरीची वेगळी असते, तीही त्याच वेळी बघून घ्या. नुसत्या गोष्टींनी मुलं फारशी बिथरत नाहीत. कानाशी अचानक ओरडलेलं मात्र त्यांच्या अंगात बसतं.

आता झोपेचं. आमची धाकटी त्या रात्री खरंच झोपली नाही, पण त्याचं कारण एडिनबरा नव्हतं. फेरीच्या शेवटी गाइडने बर्क आणि हेअर यांची गोष्ट काढली. ती प्रत्येक फेरीत असतेच. १८२८च्या आसपासचा काळ. वैद्यकीच्या वर्गांना चिरफाडीसाठी मृतदेह पुरत नव्हते आणि देह आणून देणाऱ्याला रोख पैसे मिळत. विल्यम बर्क आणि विल्यम हेअर या दोघांनी पहिल्यांदा विकला तो आजाराने गेलेल्या भाडेकरूचा देह. मग धीर चेपला आणि वर्षभरात त्यांनी सोळा जणांचे खून केले. सगळे देह घेतले डॉ. रॉबर्ट नॉक्स यांच्या शिकवणीने. पकडल्यावर हेअर माफीचा साक्षीदार झाला आणि सुटला. बर्कला २८ जानेवारी १८२९ रोजी भर गर्दीपुढे फाशी दिलं, त्याच्याही देहाची चिरफाड झाली, आणि त्याचा सांगाडा आजही विद्यापीठाच्या शरीररचना संग्रहालयात उभा आहे.

लोक टाळ्या वाजवून पांगायला लागले, तर अक्का काठी टेकून तिथेच उभी. भाच्याला म्हणाली, "विचार त्याला, डॉक्टरचं काय झालं?"

गाइड म्हणाला, काही नाही. खटलाच भरला नाही. एक समिती नेमली होती, तिने ठरवलं की डॉक्टरला खुनांची कल्पना नव्हती.

"सोळा देह ताजे ताजे आले आणि घेणाऱ्याला शंका नाही आली? चोरीचा माल घेणाऱ्याला आमच्याकडे आत टाकतात." अक्काचा आवाज कोर्टातला झाला होता. "आमच्या माहुलीचे रामशास्त्री तिथे हवे होते."

हे कोण, असं गाइडने विचारलं आणि तिथून फेरी अक्काच्या ताब्यात गेली. तिने तिथेच फुटपाथवर शनिवारवाडा उभा केला. गणपतीचे दिवस, ३० ऑगस्ट १७७३, अठरा वर्षांचे नारायणराव पेशवे, मागे धावणारे गारदी, चुलत्याच्या कमरेला घातलेली मिठी, 'काका, मला वाचवा'. आणि मग त्याच काकाला, गादीवर बसलेल्या राघोबादादांना, तोंडावर देहांत प्रायश्चित्त सुनावणारे रामशास्त्री प्रभुणे. भाचा वाक्यावाक्याला इंग्रजी करत होता. पांगलेल्यांतले चार-पाच जण परत येऊन ऐकत उभे राहिले. गाइडने रामशास्त्रींचं नाव फोनमध्ये लिहून घेतलं.

रात्री साडेअकराला धाकटी बापाच्या खोलीत आली. "बाबा, मला काका आहे का?" आहे, पुण्याला, कोथरूडला, आणि अत्यंत साधा माणूस आहे. तिची समजूत काढता काढता बारा वाजले. अक्काने निदान केलं की पोरीला नजर लागली. मीठ, मोहऱ्या आणि लाल मिरच्या ओवाळून तिने गॅसवर टाकल्या आणि घरातला स्मोक अलार्म ठणाणा करायला लागला. भाचेसून स्टुलावर चढून टॉवेलने वारा घालतेय, शेजारचे दार ठोठावतायत, आणि दोन्ही पोरं लोळून हसतायत. त्यानंतर मात्र झोपली. दृष्ट काढायचा तुमचा विचार असेल तर जरूर काढा, फक्त ओवाळलेलं बाहेर नेऊन टाका.

कबरस्तानाबद्दल तुमच्या मनात जे आहे त्याला मी जुनं वळण म्हणणार नाही. आपल्याकडे लहान मुलांना तिकडे नेत नाहीत, बस्स. पण ग्रेफ्रायर्सचं कबरस्तान गावाच्या मधोमध आहे आणि दुपारी लोक तिथे बाकावर बसून डबा खातात. म्हणून माझा सल्ला : रात्री नको, सकाळी जा. तिकीट लागत नाही. काही थडग्यांवर लोखंडी पिंजरे दिसतील. रात्रीतून मृतदेह उकरून डॉक्टरांना विकणाऱ्यांपासून बचाव म्हणून नातेवाइकांनी ते बसवलेले. नातवाला ते दाखवा, बर्क-हेअरची गोष्ट त्याला तिथेच समजेल. तिथलं नावाजलेलं भूत म्हणजे जॉर्ज मॅकेंझी, राजाचा सरकारी वकील. कव्हनंटर म्हणवणाऱ्या धर्मबंडखोरांवर त्याने कडक खटले चालवले. १६७९ साली लढाई हरल्यावर त्यांच्यातल्या शेकडो लोकांना या कबरस्तानालगतच्या उघड्या मैदानात महिनोन्महिने कोंडलं होतं. मॅकेंझीची घुमटी तिथून हाकेच्या अंतरावर आहे. १९९०च्या दशकाच्या अखेरीपासून तिथे अंगावर ओरखडे उठतात, चक्कर येते, असं लोक सांगू लागले, आणि त्यावर रात्रीच्या फेऱ्या चांगल्या चालतात. मला विचाराल तर थंडीत, पोटात काही नसताना, तासभर उभं राहिल्यावर चक्कर यायला मॅकेंझीची गरज नाही. फाटकाबाहेर बॉबी नावाच्या कुत्र्याचा पुतळा आहे, नातीला तो आवडेल. मालकाच्या कबरीपाशी वर्षानुवर्षं बसून राहिला, म्हणून त्याची ख्याती. नाकाला हात लावला की नशीब उघडतं अशी अफवा प्रवाशांनीच उठवलीय; नाक झिजतंय, तेव्हा लावू देऊ नका.

तळघर बघायचंच असेल तर नातीसाठी मेरी किंग्ज क्लोज बरं. सिटी चेंबर्सच्या इमारतीखाली दबलेली ही जुनी गल्ली. १७५३ साली वरची इमारत बांधायला घेतली तेव्हा घरांचे वरचे मजले काढून खालच्यांचा पाया केला. दिवसा जाता येतं, पाच वर्षांखालच्या मुलांना आत घेत नाहीत, तुमची सहाची आहे. १६४५च्या प्लेगमध्ये रोग्यांना आत ठेवून गल्लीची दारं चिणली, अशी एक गोष्ट फार पसरलीय. ती खोटी आहे. आत एका खोलीत बाहुल्यांचा ढीग दिसेल. १९९२ साली जपानहून आलेल्या एका बाईंना तिथे एक एकटी, रडणारी मुलगी जाणवली म्हणे, आणि तेव्हापासून लोक तिच्यासाठी खेळणी ठेवून जातात. नात आपलीही बाहुली ठेवायचा हट्ट धरेल. आवडती बाहुली बरोबर नेऊच नका.

नातवाला मात्र रात्रीच्या फेरीला पाठवा, बापाबरोबर, आणि हातात वही द्या. २००१ साली रिचर्ड वाइजमन या मानसशास्त्रज्ञाने याच साउथ ब्रिजच्या तळघरांत प्रयोग केला होता. दोनशेहून अधिक माणसं वेगवेगळ्या खोल्यांत एकटी उभी केली आणि काय जाणवलं ते लिहून घेतलं. ज्या खोल्या झपाटलेल्या म्हणून बदनाम होत्या तिथेच जास्त लोकांना थंडी, कुणीतरी असल्याचा भास वगैरे जाणवलं, आणि बदनामी आधी ठाऊक नसलेल्यांनाही जाणवलं. मग खोल्या मोजल्या. खोली केवढी, उजेड किती, अशा गोष्टींशी त्या भासांचा मेळ बसला. नातवाला सांगा, गाइडने गोष्ट सुरू करायच्या आधी आपल्याला काय वाटतं ते लिही, गोष्ट संपल्यावर पुन्हा लिही. अकरा वर्षांच्या मुलाला हातात काम दिलं की त्याची भीती आपोआप कमी होते आणि बापाची करमणूक होते.

किल्ल्याच्या फाटकापाशी चेटकिणींची विहीर म्हणून भिंतीत बसवलेलं छोटं कारंजं आहे, तिथे गाइड विनोद करतात. तेवढ्यापुरतं नातवाला बाजूला घेऊन खरं सांगा. १५६३ ते १७३६ या काळात स्कॉटलंडमध्ये चेटकाच्या कायद्याखाली साडेतीन हजारांवर माणसांवर आरोप झाले. त्यांत बायकाच फार होत्या, आणि कितीतरी जणींना आधी गळा आवळून मारलं, मग जाळलं. २०२२ साली तिथल्या सरकारप्रमुख निकोला स्टर्जन यांनी त्यांची जाहीर माफी मागितली. आपणही यावर हसण्यासारखे नाही. आपला जादूटोणाविरोधी कायदा २०१३चा.

तेव्हा जावयांना सांगायचं ते असं : रात्रीची फेरी तुमची, नातवाची आणि येत असतील तर यजमानांची. मी आणि नात घरी. सकाळी आम्ही दोघी तुम्हाला बॉबीपाशी भेटतो. यात जुनं वळण कुठेच आलं नाही.

प्रश्न : शनिवारवाड्यात रात्रीची भुतांची फेरी असते का? मुली बारा आणि चौदाच्या आहेत, फार मागे लागल्यात.
– एक बाबा, चिंचवड

उत्तर : वाडा संध्याकाळी बंद होतो, रात्री आत सोडत नाहीत. भिंतीवरून चढून आत जाणाऱ्या पोरांचे व्हिडिओ मुलींनी पाहिले असतील, त्यांच्या नादी लागू नका. 'काका, मला वाचवा' ही हाक पौर्णिमेला येते की अमावास्येला, यावर पुणेकरांचंच एकमत नाही.

दुपारी चारला जा. नारायणराव ज्या महालांतून पळाले ते काही दिसणार नाहीत. वाड्याचं बांधकाम १७३० साली सुरू झालं, आणि फेब्रुवारी १८२८मध्ये लागलेल्या आगीत आतलं सगळं लाकूडकाम खाक झालं. उरले ते जोते, तट आणि दरवाजे. तेव्हा 'हीच ती खोली' म्हणून कुणी बोट दाखवलं तर मान डोलवा आणि पुढे चला. दक्षिणेच्या अंगाचा नारायण दरवाजा मात्र बघा. खुनानंतर देह तिथून बाहेर नेला, असं परंपरेने सांगतात. एवढ्या मोठ्या दिल्ली दरवाजातून आत आल्यावर त्या लहानशा दरवाजापाशी मुली आपणहून गप्प होतील. गोष्ट तुम्हीच सांगा, पण सगळी सांगा, रामशास्त्रींपर्यंत. बहुतेक घरांत ती 'वाचवा'पाशीच थांबते.

प्रश्न : यॉर्कच्या घोस्ट वॉकला आम्ही काढलेल्या फोटोंत पांढरे गोल आलेत. एक तर बरोबर माझ्या मिस्टरांच्या खांद्यावर आहे. सासूबाई फोटो घरात ठेवू देत नाहीत. हे काय असावं?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : फ्लॅश. हवेतली धूळ किंवा पावसाचे बारीक थेंब लेन्सच्या अगदी जवळ असले की फ्लॅशचा उजेड त्यांवरून परत येतो आणि फोकसबाहेर असल्यामुळे गोल दिसतो. यॉर्कच्या हवेत ओल भरपूर. खात्री करायची तर आज रात्री दिवे घालवून सतरंजी झटका आणि मिस्टरांचा फ्लॅशने फोटो काढा. दहा-बारा गोल सहज येतील. ते सासूबाईंना दाखवा. तरीही नको म्हणाल्या तर फोटो फोनमध्ये ठेवा, वाद कशाला.